नातवंडांबरोबर बर्गर?

प्रश्न : माझं वय ६२. क्रिएटिनिन २.४ आहे, डायलिसिस नाही. नातवंडांबरोबर कधीतरी व्हेज बर्गर खाल्ला तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कधीतरी चालेल, पण घरी केलेला. व्हेज आहे म्हणजे निर्धोक, ही समजूत मात्र सोडा. बाहेरच्या बर्गरमध्ये मीठ जागोजागी दडलेलं असतं : पावात, टिक्कीत, सॉसमध्ये. तुम्हाला दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरे. चीज स्लाइस तर नकोच. त्यात घातलेले फॉस्फेटचे क्षार शरीर जवळजवळ पूर्ण शोषून घेतं. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस त्या मानाने कमी शोषला जातो. फ्रोझन टिक्कीच्या पाकिटावर ४५०, ४५१, ४५२ हे आकडे दिसले, तर तेही फॉस्फेटच.

बटाट्यात पोटॅशियम भरपूर. तो सोलून, बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या. कुकरमध्ये सालासकट उकडलात, तर बरंचसं पोटॅशियम आतच राहतं. निम्मा बटाटा, निम्मा उकडलेला कोबी आणि थोडा भात अशी टिक्की तव्यावर परता. वर काकडी, कांदा. केचपऐवजी लिंबू, मिरपूड. ‘लो सोडियम’ मीठ मुळीच नको, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. (घरात आधीच सांगून ठेवा; काळजीपोटीच ते आणलं जातं.)

पोटॅशियमचा रिपोर्ट तुम्ही कळवलेला नाही. तो ५ च्या वर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बेत करू नका.