‘आई, परत शू आली!’

जून महिना, बाहेर धो धो पाऊस, शाळेची बालरथ बस यायची वेळ. बूट घालून झाले, दप्तर पाठीवर चढले, आणि पोर म्हणते, ‘आई, परत शू आली!’ पाच मिनिटांपूर्वीच तर जाऊन आलेले असते. शाळा चुकवायचे निमित्त समजून आपण ओरडतो. डिचोलीतल्या आईबाबांनो, हे बहुतेक वेळा निमित्त नसते. त्याला खरोखरच लागलेली असते.

पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 180 मिलिलिटर, म्हणजे छोटा पेलाभर लघवी मावते. दिवसातून 4 ते 7 वेळा जाणे सर्वसाधारण. पावसात घाम कमी येतो, तेव्हा एखाददुसरी फेरी वाढायचीच. त्याहून बरीच वाढली तर दोन गोष्टी बघा: एका वेळी किती होते, आणि रात्री झोपेत काय होते.

जागेपणी दर दहा-पंधरा मिनिटांनी चार थेंब, जळजळ नाही, ताप नाही, रात्री मात्र गाढ झोप, असे असेल तर कारण बहुधा मनावरचा ताण. नवी शाळा, घरात आलेले तान्हे बाळ, घरातली भांडणे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांत हे दिसते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप जाते. मात्र लघवी तपासल्याशिवाय ‘ताणच आहे’ असे घरी ठरवू नका.

जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे, लघवीला घाण वास ही जंतुसंसर्गाची लक्षणे. मुलींमध्ये तो जास्त आढळतो. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचा नमुना द्या. उरलेल्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका.

बद्धकोष्ठाकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. साचलेला मळ मूत्राशयावर दाबतो. मूल रोज शौचाला जाते, पण खडे होतात का, विचारा. शाळेतला संडास घाण म्हणून ते दिवसभर दाबून ठेवते का, तेही विचारा. चहा आणि कोला बंद करा. त्याने लघवी वाढते. पाणी मात्र तोडू नका. गडद पिवळी लघवी आणखी टोचते.

एका गोष्टीत थांबायचे नाही. भरपूर लघवी, सारखी तहान, वजन उतरणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे: हा मधुमेह असू शकतो, लहान मुलांतही. त्याच दिवशी डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तातली साखर तपासून घ्या. बोटाला टोचले की मिनिटभरात कळते. सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर वाट न पाहता तातडीने इस्पितळ गाठा.

बाकी वेळी दोन दिवस वहीत नोंद ठेवा: किती वाजता, किती, शी कशी झाली. ती वही डॉक्टरांना दाखवा. आणि शाळेत बाईंना सांगून ठेवा, मागेल तेव्हा जाऊ द्या. रागावल्याने एकही फेरी कमी होत नाही, वाढते मात्र नक्की.