घरच्या वर्कशॉपसाठी सीएनसी राउटर : सव्वा लाखाचा हिशेब

देवघराच्या दारावर जाळी हवी, पलंगाच्या उशाला नक्षी हवी, घराच्या पाटीवर कोरीव अक्षरं हवीत. रिसोड असो की कारंजा, सुताराकडे येणारं गिऱ्हाईक आता मोबाइलवरचा फोटो पुढे करतं आणि तसंच मागतं. मग फळी गाडीवर टाकून मोठं मशीन असलेल्या गावाला न्यायची, जॉबवर्कचे पैसे मोजायचे आणि नंबर लागायची वाट बघायची. हे नेहमीचं झालं की स्वतःचं छोटं सीएनसी राउटर बांधावं, असं वाटतंच. बांधता येतं. वाशिम जिल्ह्यात राहून बांधणं सोयीचंही आहे. फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, हे आधी ठरवायला हवं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आकार लहान ठेवा आणि सांगाडा भक्कम करा. घरी बांधताना बहुतेकांचा पैसा मोठ्या टेबलावर जातो आणि नक्षीत कंप दिसतो.

खालच्या किमती जीएसटी धरून, अंदाजाच्या आहेत. लोखंडाचा भाव आणि डॉलर हलला की त्याही हलतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी कोटेशन मागा.

बाजारात तीन पायऱ्या दिसतात. पहिली म्हणजे ‘३०१८’ नावाने मिळणारं खेळण्याएवढं किट. त्याचं कामाचं क्षेत्र ३०० गुणिले १८० मिलिमीटर आणि किंमत पंधरा-वीस हजार. नावाची पाटी, शिक्के, पातळ प्लाय यासाठी ते ठीक आहे. सागवानाच्या दाराला त्याचा उपयोग नाही. पण शिकायला ते उत्तम, आणि नंतर विकलंही जातं. तिसरी पायरी म्हणजे चार बाय आठ फुटांचं तयार मशीन. ते साडेतीन लाखांच्या पुढे जातं, त्याला वेगळी शेड लागते, बहुधा थ्री-फेज वीजही. घरच्या वर्कशॉपला शोभते ती मधली पायरी : दोन बाय दोन फूट, म्हणजे ६०० गुणिले ६०० मिलिमीटर कामाचं क्षेत्र. पुढचा हिशेब तिचाच.

सांगाडा

इथे आपल्या जिल्ह्याची जमेची बाजू आहे. ट्रॉली, गेट आणि गोदामाच्या कैच्या बनवणारी फॅब्रिकेशनची दुकानं प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. ७५ गुणिले ७५, ३ मिलिमीटर जाडीचा बॉक्स पाइप मीटरला पावणेसात किलोच्या आसपास भरतो. आठ मीटर पाइप आणि काही जाड पट्ट्या धरल्या, की पासष्ट किलो लोखंड लागतं. कापणं, भोकं, आटे आणि रंग धरून ८ ते १० हजारांत सांगाडा उभा राहतो. बॉक्स पाइप नटबोल्टने जोडून मशीन बांधायचा ‘प्रिंटएनसी’ नावाचा मुक्त आराखडा आहे. तो बघूनच आपलं माप काढा. प्लायचा सांगाडा स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो.

वेल्डिंग कमीत कमी करा. टाका थंड होताना लोखंड ओढलं जातं आणि डोळ्याला न दिसणारा पीळ बसतो. पाय वेल्ड केले तर चालतील. ज्या पाइपांवर रेल बसायच्या ते बोल्टनेच जोडा. गुण्या लावून समाधान मानू नका, दोन्ही कर्ण मोजा. त्यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक असेल, तर बोल्ट सैल करून पुन्हा बसवा. रेल समांतर आहे का, हे डायल गेजवर कळतं. तो विकत घ्यायला दीड-दोन हजार लागतात; आधी तालुक्याच्या आयटीआयमधल्या टर्नर किंवा मशिनिस्टच्या निदेशकांना विचारून पाहा.

‘थोडं मोठंच करून ठेवू’ हा मोह इथेच होतो. आडव्या तुळईची लांबी दुप्पट केली, की तेवढ्याच जोराखाली ती आठपट वाकते. दोन फुटांना पुरणारा पाइप चार फुटांना पुरत नाही.

चालणारे भाग

तीन अक्षांना २० मिलिमीटरच्या चौकोनी रेल आणि बारा ब्लॉक लागतात : २० ते २६ हजार. गोल दांड्यांच्या स्वस्त रेल निम्म्यात येतात, पण काही महिन्यांत त्यांच्यात खेळ येतो. इथे काटकसर नको. १६ मिलिमीटर व्यासाचे, ५ मिलिमीटर पिचचे बॉल स्क्रू, त्यांची बेअरिंग, ब्रॅकेट आणि कपलिंग : १५ ते २० हजार. नेमा २३ मापाच्या चार स्टेपर मोटरी आणि त्यांचे ड्रायव्हर : १५ ते १८ हजार. पॉवर सप्लाय, कंट्रोलर, लिमिट स्विच, इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण, केबल आणि ती वाहणारी साखळी : ८ ते ११ हजार.

कंट्रोलरसाठी आर्डुइनो उनोवर चालणारं जीआरबीएल पुरेसं आहे. २००९ पासून विकसित होत आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावलं, ड्रायव्हरवर आठपट सूक्ष्म विभागणी, आणि ५ चा पिच : २०० गुणिले ८ भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ३२० पावलं. हा आकडा भरला की मशीन मापात चालतं.

स्पिंडल दीड किलोवॉटचा, व्हीएफडीसह १८ ते २५ हजार. हात तंग असेल तर सुतारकामाचा ट्रिमर बसवा. तो पाच ते नऊ हजारांत येतो, पण कानठळ्या बसवतो आणि तासन्‌तास चालवायला बनवलेला नाही. स्पिंडल घेतलात तर एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. या स्पिंडलची मोटर ४०० हर्ट्‌झची असते, आणि नव्या व्हीएफडीत पुष्कळदा ५० हर्ट्‌झची मांडणी असते. ती न बदलता बटण दाबलं तर मोटर जळू शकते. पुस्तिका उघडून बेस फ्रिक्वेन्सी आधी भरा.

इथवर ८४ हजार ते १ लाख १० हजार झाले. बहुतेकांची यादी इथेच संपते.

यादीत नसलेला खर्च

टेबलावरचा एमडीएफ आणि क्लँप ३ ते ४ हजार. कटर आणि कोलेट ४ ते ६ हजार. सहाचा सरळ कटर, साठ अंशांचा व्ही-बिट आणि निमुळता गोल टोकाचा कटर सुरुवातीला हवेतच. भुसा ओढणारा व्हॅक्यूम ६ ते १० हजार. अर्थिंग, एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्टॅबिलायझर ६ ते १२ हजार. कुरिअर, चुकून आलेले आणि तुटलेले भाग यांना ४ ते ६ हजार. हे २३ ते ३८ हजार धरले की एकूण आकडा १ लाख ७ हजार ते १ लाख ४८ हजारांवर जातो. जुना लॅपटॉप घरात नसेल तर तो वेगळा.

व्हॅक्यूमला कोणी फाटा देऊ नये. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे, आणि एमडीएफची धूळ तर पिठाहून बारीक. घरात लहान मुलं असतील तर वर्कशॉपचं दार राहत्या खोलीकडे उघडू देऊ नका.

अर्थिंगचंही तसंच. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते, आणि पावसाळ्यात चांगली असणारी अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कुचकामी ठरते. खड्डा नीट करून घ्या, त्यात पाणी सोडायला पाइप ठेवा, इलेक्ट्रिशियनकडून उन्हाळ्यात मोजणी करून घ्या. अर्थिंग कच्ची असेल तर झटक्याचा धोका आहेच, शिवाय व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटाने लिमिट स्विच खोटे इशारे देतात आणि काम मध्येच थांबतं. स्पिंडलची केबल जाळीची घ्या.

पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे पारा जातो. बहुतेक व्हीएफडी ४० अंशांपर्यंतच पूर्ण भार घेतात. कंट्रोल बॉक्स विटांच्या भिंतीवर, सावलीत लावा. त्याला फिल्टर लावलेला पंखा द्या. पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलला बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटर वापरा.

विजेचा विचार आणखी एका कारणासाठी हवा. दोन बाय दोन फुटांची उठावाची नक्षी, दर अर्ध्या मिलिमीटरला एक ओळ आणि मिनिटाला २००० मिलिमीटर वेग धरला, तर सहा तास घेते, ओळी ०.३ मिलिमीटरवर घेतल्या तर दहा. एवढ्या वेळात वीज जाणारच. जीआरबीएल वीज गेल्यावर जागा विसरतं. पण लिमिट स्विच असतील तर होमिंग करून, साठवलेल्या शून्यावरून तुटल्या ओळीपासून पुन्हा सुरू करता येतं. चारशे रुपयांचे स्विच वाचवणाऱ्याची सागवानाची फळी वाया जाते.

सॉफ्टवेअर आणि शिक्षण

फ्रीकॅड आणि इंकस्केप फुकट आहेत. पेन ड्राइव्हवर फिरणारी आर्टकॅमची चोरटी प्रत घेऊ नका. ते विकणं कंपनीने २०१८ मध्येच थांबवलं, त्यामुळे मदत मिळत नाही. शिकायला पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघण्यासारखा आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत २००२ पासून फॅब लॅब आहे. एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या पहिल्या काही लॅबपैकी ती एक. खेड्यातल्या मुलांनी स्वतःच्या हातांनी यंत्रं बांधावीत, हा तिथला पायाच आहे.

पैसा कुठून

पारंपरिक सुतारांना पीएम विश्वकर्मा योजनेत पायाभूत प्रशिक्षणानंतर ५ टक्के व्याजाने, तारणाशिवाय पहिलं १ लाखाचं कर्ज मिळतं. फेड १८ महिन्यांत. नीट फेडलं तर पुढे २ लाख. अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर वेगळं. नोंदणी सीएससी केंद्रात होते आणि कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. इतर होतकरूंनी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. धंदा म्हणून चालवायचं असेल तर घरगुती मीटरवर किती मुभा आहे, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा.

खरेदी एकदम करू नका. आधी मोटरी, ड्रायव्हर आणि कंट्रोलर मागवा, टेबलावर जोडून फिरवून पाहा. परत करायची मुदत थोड्या दिवसांची असते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पक्कं बिल घ्या. विक्रेता ऐकत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तूही ग्राहकाचीच खरेदी धरली जाते. माल बेंगळुरूहून आला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे वाशिमच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

शेवटी दराचं. सव्वा लाखाचं मशीन तीन वर्षांत फेडायचं, वर्षाला अडीचशे दिवस आणि रोज तीन तास चालवायचं धरलं, तर तासाला साधारण ५५ रुपये मशीनचे. कटरचे २५ ते ३०, विजेचे १५. म्हणजे स्वतःची मजुरी न धरता तासाला शंभर रुपये पडतात. सहा तासांच्या नक्षीला सहाशे रुपये मशीनचेच झाले. डिझाइन, घासकाम आणि पॉलिश त्यावर. गिऱ्हाइकाला चौरस फुटाचा दर सांगण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा वेळ बघा, आणि मशीन वेग घेताना-सोडताना जातो त्यासाठी त्यात चौथा हिस्सा वाढवून धरा.