आजीचा फोन दोनदाच का वाजायचा?

वर्गमित्रांनो, आणि आज शाळा बघायला आलेल्या पालकांनो,

आमच्या घरी एकच फोन आहे. बटनांचा आहे. तो आजीजवळ असतो. आई-बाबा दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागताना परत येतात. तोपर्यंत घरी आजी, मी आणि धाकटी बहीण. आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना हे वेगळे सांगायला नको. कोपीवर लाईट नसते. बाबा फोन किराणा दुकानात चार्जिंगला लावतात आणि गाडी भरून झाली की घरी लावतात. त्यांच्या फोनची वेळ ठरलेली नसते.

यंदा काय झाले, की फोन यायचा, दोन वेळा वाजायचा आणि गप्प व्हायचा. आजीचे गुडघे दुखतात. ती ओट्यावरून उठेस्तोवर सगळे शांत. ती म्हणायची, "ह्यो फोन वाजतो अन् लगीच मरतो." आम्ही उलट फोन लावला तर बाबांचा बंद. मला वाटले, बाबा मिस कॉल देत असतील. तिकडे बाबांना काय वाटले ते आम्हाला फार उशिरा कळले.

संक्रांतीच्या आधी एका रात्री बाबांच्या पायाला कोयता लागला. टाके पडले. त्या रात्री त्यांनी घरी चार वेळा फोन लावला. आम्हाला ही गोष्ट तिसऱ्या दिवशी मुकादमाच्या माणसाकडून समजली. आजी दिवसभर जेवली नाही.

मी फोन घेऊन गुरुजींकडे गेलो आणि म्हणालो, "गुरुजी, फोन बिघडलाय." गुरुजी म्हणाले, "बिघडलाय हे मला पण दिसतंय. कुठं बिघडलाय ते शोधू. आधी सांग, फोन येतो म्हणजे काय होतं?" मला सांगता आले नाही. मग विज्ञानाच्या तासाला त्यांनी ते सर्वांनाच समजावले. ते मी इथे लिहितो.

समजा, एखादे पालक शाळेत आले आणि म्हणाले, "माझ्या मुलाला जरा बोलवा." शिपाईमामा आधी हजेरीपट बघतात, मूल कोणत्या वर्गात आहे. मग त्या वर्गाच्या दारात जाऊन नाव पुकारतात. मूल "आलो" म्हणते. फोनचेही असेच आहे. बाबांचा फोन जवळच्या टॉवरला सांगतो, अमुक नंबर पाहिजे. आजीचा फोन शेवटी कोणत्या भागात होता याची नोंद कंपनीजवळ असते. त्या भागातले टॉवर आजीच्या फोनला हाका मारतात. फोनने "मी इथे आहे" असे कळवले, की मग त्याची घंटा वाजते.

आता यात एक गंमत आहे, ती मला पूर्वी माहीत नव्हती. बाबांच्या कानात जे ट्रिंग-ट्रिंग ऐकू येते, ती आजीच्या फोनची घंटा नव्हेच. तो आवाज बाबांना कंपनी ऐकवते. म्हणून तर काहीजणांना ट्रिंग-ट्रिंगच्या जागी गाणे ऐकू येते. दोन्ही घंटा वेगवेगळ्या. म्हणजे इकडे घंटा थांबली, तरी तिकडे वाजत असेल. किंवा दोन्हीकडे एकदमच थांबली असेल. हे ज्याला कळले त्याला अर्धा बिघाड सापडला, असे गुरुजी म्हणाले.

मग आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर प्रयोग केला.

साहित्य – आजीचा फोन, गुरुजींचा फोन, गुरुजींचा एक जुना फोन, ऑफिसातले सेकंदकाट्याचे घड्याळ, वही.

कृती – गुरुजी व्हरांड्यात उभे राहिले. मी फोन घेऊन वर्गात. एक मुलगा घड्याळापाशी. गुरुजींनी फोन लावला. घंटा वाजू लागली की मी "सुरू" म्हणायचे, थांबली की "बंद". त्याच वेळी फोनचा पडदा विझला का तेही बघायचे. गुरुजींनी त्यांच्या कानात काय ऐकू येते ते लिहायचे. असे तीनदा केले.

निरीक्षण – तिन्ही वेळा घंटा ५ सेकंदांच्या आसपास वाजली. घंटेबरोबर पडदाही बदलला, 'मिस कॉल' असे आले. आणि गुरुजींना तिकडे दोनदा ट्रिंग-ट्रिंग ऐकू आल्यावर एक बाई बोलू लागली, की हा नंबर सेवेत नाही!

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हातातला फोन आत्ता तर वाजला, मग तो सेवेत नाही कसा?

गुरुजींनी आजीचे सिम काढून जुन्या फोनमध्ये घातले आणि पुन्हा तेच केले. पुन्हा ५ सेकंद. पुन्हा ती बाई.

अनुमान – दोष फोनच्या यंत्रात नाही, त्याच्या घंटेत नाही, बॅटरीत नाही. तो सिमबरोबर चालत आला. म्हणजे तो कंपनीकडे त्या नंबराच्या नावाने लिहून ठेवलेल्या कशात तरी आहे.

गुरुजींनी मग स्टार, हॅश, ६, १, हॅश असे दाबले (*#६१#) आणि फोन लावायचे हिरवे बटन दाबले. पडद्यावर एक नंबर आला आणि वेळ आली : ५ सेकंद. तो नंबर माझ्या चुलतभावाचा होता. त्याचा जुना नंबर.

तेव्हा मला आठवले. मागच्या पावसाळ्यात आजी आजारी होती. दादा पुण्याला कामाला आहे. आजीने फोन उचलला नाही तर तो आपोआप आपल्याकडे यावा, अशी सोय त्याने सुट्टीत आला तेव्हा फोनच्या सेटिंगमधून करून ठेवली होती. तिला कॉल डायव्हर्ट किंवा कॉल फॉरवर्डिंग म्हणतात. किती वेळ वाट पाहायची, ते ५, १०, १५, २०, २५ किंवा ३० सेकंद यांतून निवडता येते. दादाने सर्वांत लहान आकडा ठेवला. लवकर कळावे म्हणूनच ठेवला असणार. दिवाळीत त्याने नंबर बदलला, पण ही सोय काढायची राहिली. त्यामुळे बाबांचा प्रत्येक फोन ५ सेकंद आमच्या घरी वाजून मग बंद पडलेल्या नंबरावर जायचा आणि बाबांना ती बाई सांगायची. बाबांना वाटले, घरचे रिचार्ज संपले. त्यांनी तिकडून मजुरीच्या पैशातून रिचार्जसुद्धा मारला होता!

दादावर कोणी रागावले नाही. आजी तर म्हणाली, "लेकरानं माझ्यापायीच केलं."

सोय काढायला दोन हॅश, ६, १, हॅश दाबायचे (##६१#) आणि हिरवे बटन दाबायचे. उचलला नाही, नंबर गुंतलेला आहे, टॉवरबाहेर आहे, असे सर्व प्रकारचे डायव्हर्ट एकदम काढायचे तर दोन हॅश, शून्य, शून्य, २, हॅश (##००२#). काही कंपन्यांचे कोड निराळे असतात. तसे असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' शोधावे, किंवा १९८ वर फोन करून कंपनीच्या माणसाला काढायला सांगावे.

पालकांनी इथे थोडे थांबून वाचावे. हीच सोय चोरही वापरतात. अनोळखी माणूस फोन करून म्हणतो, "तुमचा फोन बंद होणार आहे" किंवा "तुमचे पार्सल आले आहे, एवढा कोड दाबा." कोडाच्या पोटात त्याचा नंबर असतो. तो दाबला की आपले फोन त्याच्याकडे जाऊ लागतात आणि बँकेचा फोनवरून सांगितला जाणारा आकडाही त्यालाच ऐकू येतो. यामुळेच दूरसंचार विभागाने *४०१# सारख्या कोडने कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद ठेवण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता. कोणी सांगितलेला कोड दाबू नये. दाबला गेलाच तर ##००२# दाबावे, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवावे.

आता तुम्ही म्हणाल, डायव्हर्ट काढल्यावर फोन किती वेळ वाजायला पाहिजे? यालाही नियम आहे. २०१९ साली कंपन्यांमध्ये यावरून चक्क भांडण झाले. तेव्हा ज्या कंपनीच्या माणसाने फोन लावला, ती कंपनी समोरच्या कंपनीला मिनिटाला ६ पैसे द्यायची. मग काहींनी घंटेचा वेळच कमी केला. घंटा लवकर थांबली की माणसाला फोन उचलता येत नाही, तो उलट फोन लावतो आणि ६ पैसे त्याच्या कंपनीवर पडतात. बघता बघता घंटा २५ सेकंदांवर आली. आजीसारख्यांच्या गुडघ्यांचा हिशोब यात कुठेच नव्हता. शेवटी ट्राय या सरकारी संस्थेने १ नोव्हेंबर २०१९ ला ठरवून दिले, की मोबाईलची घंटा ३० सेकंद आणि तारेच्या फोनची ६० सेकंद वाजलीच पाहिजे. ते ६ पैसेही १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले.

आपल्याकडची ट्रिंग-ट्रिंग एकदा वाजून पुन्हा सुरू व्हायला ३ सेकंद लागतात. म्हणून फोन लावणाऱ्याला ३० सेकंदांत ती साधारण दहा वेळा ऐकू येते. त्याच्याकडे घड्याळ नसले तरी बोटे आहेतच.

आमचा प्रयोग बघून वर्गातल्या आणखी दोघांनी घरचे फोन आणले. एकाचा फोन एकदाच वाजायचा. पण पडदा चालूच राहायचा आणि गुरुजींना तिकडे घंटाही ऐकू येत राहायची. म्हणजे बिघाड फोनातच. सेटिंगमध्ये 'एकदाच वाजणे' असे ठेवले गेले होते. बहुधा लहान भावाचा उद्योग. दुसरा फोन वाजता वाजता विझायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. त्याची बॅटरी जुनी झाली होती. वाजणे आणि थरथरणे एकदम आले की तिला भार सोसायचा नाही, शिवाय ती ढिली होती. कागदाची घडी सारून तात्पुरते भागले, पण बॅटरी नवीन घ्यावी लागेल. मोठ्या पडद्याच्या फोनात आणखी भानगडी असतात : फोन पालथा ठेवला की आवाज बंद, नको ते फोन अडवणारे ॲप घरचाच फोन तोडते, वगैरे. ते आम्ही अजून तपासलेले नाहीत.

त्या शनिवारी रात्री बाबांचा फोन आला. मी उचलला नाही. आजीने उठू दिले नाही. ती ओट्यावरून उठली, भिंतीला धरून आत आली. मी बोटे मोजत होतो. घंटा अजून वाजत होती. बाबा आधी पायाबद्दल बोलले, टाके काढले म्हणाले. मग आजीने त्यांना रिचार्जवरून रागे भरले.

ज्यांना घरचा फोन तपासायचा असेल त्यांनी तो शनिवारी शाळा सुटल्यावर आणावा, आणि शक्य तर घरचे मोठे माणूसही बरोबर आणावे. घड्याळ गुरुजींच्या टेबलावर आहे. मोजायला आम्ही थांबू.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी