घरातील सुरी : निवड आणि निगा

आपल्या घरांतून चिरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या विळीने केले. विळीचे पाते पाटाला घट्ट बसविलेले, पाटावर पाय दाबलेला आणि दोन्ही हात मोकळे. जिन्नस पात्यावर नेला की काम झाले. आता स्वयंपाक ओट्यापाशी उभ्याने होतो, गुडघेदुखीमुळे वडीलधाऱ्यांना जमिनीवर बसवत नाही, आणि लग्नाच्या भेटींत लाकडी ठोकळ्यात खोचलेला सहा-सात सुऱ्यांचा चकचकीत संच हमखास येतो. परंतु सुरीचा प्रकार विळीहून अगदी उलट आहे. येथे जिन्नस स्थिर आणि पाते फिरते. धार गेली की हात जोर करू लागतो, टोमॅटोच्या सालीवरून पाते घसरते आणि थेट बोटावर येते. मुलीला स्वयंपाक शिकविताना ‘लागू नये म्हणून’ बोथट सुरी हाती देण्याची जी चाल आहे, ती म्हणूनच सोडून द्यावी असे आम्हांस वाटते.

तेव्हा सुरी घेताना पहिला प्रश्न असा की, ती किती चकाकते हा नव्हे, तर तिची धार किती टिकेल आणि गेल्यावर घरच्या घरी परत आणता येईल काय. हे सारे पोलादावर अवलंबून असते. बाजारात जिला ‘लोखंडी सुरी’ म्हणतात, ती चांगल्यापैकी असेल तर साध्या कार्बनी पोलादाची असते. तिला धार चटकन लागते आणि उत्तम लागते. परंतु लिंबू, चिंच, कैरी यांनी ती काळी पडते, आणि ओली ठेवली तर सकाळपर्यंत तांबेरते. न गंजणाऱ्या पोलादात निदान १०.५ टक्के क्रोमियम असते. १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांसाठी मिश्रणे तपासत असता असे पोलाद त्यांच्या हाती आले आणि पुढे त्याच्या सुऱ्या झाल्या. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांत सुमारे अर्धा टक्का कार्बन व १५ टक्के क्रोमियम असलेले पोलाद पुष्कळ वापरतात. त्याचा कठीणपणा रॉकवेल मापाने ५५ ते ५८ भरतो. जपानी पद्धतीच्या सुऱ्या ६० च्या वर जातात. त्यांची धार अधिक दिवस टिकते खरी, पण हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर आपटल्या की तिचे टवके उडतात. आमच्या मते रोजच्या घरकामाला मधल्या कठीणपणाची सुरीच सोयीची.

येथे एका गैरसमजाविषयी सांगणे जरूर आहे. भांडी घेताना लोहचुंबक लावून पाहण्याची सवय असलेले गिऱ्हाईक सुरीलाही चुंबक लावते आणि तो चिकटला की ‘हे स्टील खोटे’ म्हणून ती परत ठेवते. भांड्यांच्या पोलादात बहुधा निकेल असते. त्याला चुंबक फारसा चिकटत नाही, आणि ते तापवून विझवले तरी कठीण होत नाही. सुरीचे पोलाद मात्र पाणी देऊन कठीण करावे लागते व त्याला चुंबक चिकटतोच. म्हणजे जिला चुंबक चिकटत नाही, त्या पोलादी सुरीविषयीच शंका घ्यावी!

आम्हां हैदराबादकरांना तरी पोलादाची पारख परकी वाटू नये. निझामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम या गावी मुशीत तयार होणारे पोलाद एके काळी इराणी व्यापारी तलवारींसाठी घेऊन जात.

पोलादानंतर मूठ पाहावी. पात्याचा मागचा भाग मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला असला म्हणजे मूठ सैल होत नाही. मूठ आणि पाते यांत फट असेल तर तेथे घाण साचते. अशी सुरी घेऊ नये. हातात धरून पाहिल्यावाचून तर घेऊच नये.

संचाची मात्र गरज नाही. सहा-सात सुऱ्यांपैकी रोज हाती येतात दोन : सहा ते आठ इंच पात्याची एक मोठी, कांदा, भाजी, मांस यांसाठी, आणि तीन-चार इंचांची एक लहान, सोलण्यासाठी. घरी पाव होत असेल तर दातेरी सुरी घ्यावी. हाडांना सत्तूर वेगळा हवाच. संचाच्या किमतीत दोन चांगल्या सुऱ्या आणि धारेचा एक दगड येतो, आणि दगड हा खर्च चुकवू नये.

सुमारे हजार नंबरचा दगड पाण्यात भिजवून, खाली ओले फडके घालून ठेवावा. पाते दगडावर सुमारे २० अंश तिरके धरावयाचे. कोनमापकाची जरूर नाही : पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश इतकी पाठ उचलली की तो कोन साधतो. पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ १५ मिलिमीटर वर. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूस बारीक कंगोरा बोटाला लागतो. मग बाजू बदलावी, आणि शेवटी हलक्या हाताने आळीपाळीने फिरवून तो कंगोरा काढून टाकावा. बोट धारेवरून लांबीने फिरवू नये, आडवेच न्यावे. दारावर येणाऱ्या शिकलगाराकडून धार लावून घेतल्यास ठिणग्या उडत असता वरचेवर पाणी मारावयास सांगावे. धार तापून निळी झाली की तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे.

चिरण्यास लाकडी पाट वापरावा. ओट्याचा दगड, काच किंवा स्टीलचे ताट यांवर चिरले तर लावलेली धार त्याच दिवशी जाते. सुरी धुऊन लगेच पुसावी, आणि चमच्यांच्या डब्यात सुटी टाकू नये. तेथे धारही जाते आणि चमचा शोधणाऱ्याचे बोटही कापते.