विरजण का लागले नाही?

गेल्या उन्हाळ्यात कॅम्पातील आमच्या घरी लागोपाठ दोन दिवस दही लागले नाही. शेजारून नवे विरजण आणले, भांडे पुन्हा घासले, तरी दूध जसेच्या तसे! तिसऱ्या दिवशी रतिबाच्या गवळीदादांस विचारले. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, "म्हशीला दगडी झालीया, सर. डाक्टरनी सडात औषध सोडलंय."

दगडी म्हणजे कासेची सूज. ती बहुधा जंतूंमुळे होते व तीवर पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके देतात. या औषधाचा अंश काही दिवस दुधात उतरतो. दही लावणारे जंतू पेनिसिलिनपुढे फार नाजूक असतात. त्यांची वाढ खुंटते व दूध विरजत नाही. अर्थात विरजण न लागण्यास इतरही कारणे असतात. एवढ्यावरून कोणा गवळ्यावर आळ घेऊ नये.

वर्गात ही हकिकत सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "दूध उकळल्यावर सगळं जातंच ना?" प्रश्न मोठा मार्मिक होता. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. औषधाला न जुमानणारे जंतू उष्णतेला मात्र जुमानतात; चांगली उकळी आली की रोग पसरविणारे बहुतेक जंतू मरतात. परंतु औषधाचा अंश उकळण्याने पुरता नाहीसा होत नाही. म्हणजे जंतूंचा बंदोबस्त चुलीवर होतो. औषधाचा मात्र गोठ्यातच झाला पाहिजे.

जंतू असे निर्ढावतात कसे? औषधाच्या माऱ्यातून जे थोडे वाचतात, त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय प्रतिकाराचे गुण एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीलाही देऊ शकतात. पेनिसिलिनचे संशोधक फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेवला होता. आपल्याकडे पिंपरीच्या कारखान्यात 1955 साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, आणि पुढे ते माणसांप्रमाणे गोठ्यांतही पोचले. 2018 साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभरातील 6,432 दूधनमुने तपासले. त्यांपैकी 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा अधिक निघाला. आकडा लहान दिसतो, पण दूध रोजच्या पोटात जाणारी वस्तू आहे.

धारोष्ण दुधाचे कौतुक करणारी वडीलधारी मंडळी आमच्याही घरात आहेत. त्यांचा मान राखूनही सांगावे लागते, की लहान मुलांस व गरोदर स्त्रियांस कच्चे दूध देऊ नये. ते तसेच बाहेर ठेवणे तर त्याहून वाईट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांना 2020 साली असे आढळले, की कच्चे दूध खोलीच्या उष्णतेत ठेवल्यास त्यातील प्रतिकारक्षम जंतू झपाट्याने वाढतात. तेव्हा शीरखुर्म्याचे असो की कुंद्याचे, दूध येताच उकळावे व गार करून थंड जागी ठेवावे.

राहिला गोठा. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस दूध वर्ज्य लिहिलेले असते, तितके दिवस ते विकू नये. औषधही जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पूर्ण मात्रेत द्यावे. पण सांगणे सोपे आहे! एक-दोन म्हशींवर ज्याचे घर चालते, त्याने ते दूध ओतून टाकायचे, तर त्याचे नुकसान कोणी सोसायचे? आम्ही त्या महिन्याच्या हिशेबात बंद ठेवलेल्या दिवसांचे पैसे कापले नाहीत. गवळीदादा नको नको म्हणत होते. घरात थोडी कुरकुर झाली, तरी पैसे दिले. आणि आता म्हैस आजारी पडली की ते आधी आमच्या दारी येऊन सांगतात.