टेबलावरचा माथेरानचा घाट

१९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेच्या रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर आहे. खेळण्यातील १६.५ मिलिमीटर अंतराचे रूळ घेतल्यास प्रतिकृतीचे प्रमाण १:३७ येते. त्यामुळे १८ मीटर त्रिज्येचे वळण सुमारे ४९ सेंटिमीटर त्रिज्येचे काढा.

चढ मात्र लहान करू नका! घाटातला सर्वांत तीव्र चढ २० मीटरला १ मीटर, म्हणजे दर मीटरला ५ सेंटिमीटर आहे, तोच ठेवा. चढ हे दोन लांबींचे गुणोत्तर आहे. म्हणून खऱ्या गाडीला काय किंवा तुमच्या गाडीला काय, मागे ओढणारे बल वजनाच्या विसाव्या भागाइतकेच असते.

चाके जागीच फिरू लागली, तर इंजिनावर वजन ठेवा, पकड वाढेल.

प्रश्न : इंजिनाची सर्व चाके मोटरने फिरतात. घर्षणांक ०.२ असल्यास २०० ग्रॅमचे इंजिन या चढावर जास्तीत जास्त किती वजनाचे डबे ओढेल? डब्यांचे घर्षण सोडून द्या. (उत्तर : ६०० ग्रॅम)