भावाचें कारण आणि शेतकऱ्याची पुंजी

वेवजीहून संजाण दूर नाहीं. चिंचणी येथें सांपडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटावरून दिसतें कीं, राष्ट्रकूट राजांच्या वतीनें संजाण मंडळाचा कारभार मधुमति नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत असे. त्यानें दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेविल्या आणि अन्नछत्र उघडिलें. तेथें भात, कालवण व तूप विनामूल्य मिळे. वाट सोपी झाली म्हणजे व्यापार वाढतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा मुंबईचा आहे. १८६४ च्या नोव्हेंबरांत गुजराथेकडील आगगाडी याच पट्ट्यांतून ग्रँट रोडपर्यंत पोहोंचली. त्या वेळीं मुंबईंत शेअरांचें वेड शिगेस गेलें होतें. १८६१ त अमेरिकेंत यादवी जुंपली, विलायतेच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या कापसाचा भाव चढला. तो पैसा नव्या कंपन्यांत ओतला गेला. बॅकबे कंपनीच्या पांच हजार रुपये भरलेल्या शेअराचा भाव पन्नास हजारांच्या घरांत गेला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध आटोपत आलें, कापूस उतरला, आणि १ जुलै रोजीं, वायदे पुरे करण्याच्या दिवशीं, अनेक पेढ्या बुडाल्या. शेअर तारण घेऊन कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बेही १८६८ त मोडली. भाव कशामुळें चढला हें ज्यानें विचारिलें नाहीं, त्यास तो कां उतरला हें उशिरा कळलें.

आज महामार्ग व बुलेट ट्रेन यांसाठीं तलासरी-डहाणूकडील जमिनी गेल्या, आणि मोबदला अनेकांच्या खात्यांत आला. आम्हीं महसुली कारकुनींत फेरफाराच्या नोंदी पुष्कळ लिहिल्या. सातबाऱ्यावरून उतरलेलें नांव सहसा परत चढत नाहीं. म्हणून त्या पैशाची किंमत नुसत्या रुपयांत करूं नये. सेबीनें २०२४ त प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, मागील तीन वर्षांत वायदे-बाजारांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकीं ९३ जणांस तोटा झाल्याचें आढळलें.

शेअर घेणेंच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मोबदल्यांतून प्रथम कर्ज फेडावें. नंतर विहीर, बाग अथवा दुसरी जमीन पाहावी. एका वर्षाचा घरखर्च व बीं-बियाणें यांची रक्कम बँकेंत वेगळी ठेवावी. त्याउपर उरेल, आणि गेलें तरी चूल विझणार नाहीं, तेवढेंच बाजारांत घालावें. कर्ज काढून तर कधींच घालूं नये. पेरणीचें बीं कोणी जुगारांत लावीत नाहीं. जमिनीचा पैसा हेंही बींच होय.